डिझेलची चपळ हॅचबॅक: कोथरूडमध्ये घ्यायची आणि सांभाळायची कशी?

डहाणूकर कॉलनी, मयूर कॉलनी किंवा आयडियल कॉलनीतल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अजून पोलो दिसते. तिच्या मागच्या दारावर ‘जीटी’ आणि ‘टीडीआय’ अशी अक्षरं असतील, तर ती साधी पोलो नव्हे. आकार तोच, पण आत डिझेलचं दमदार इंजिन. अशी जुनी गाडी विकायला आली की घरातला तरुण मुलगा घ्या म्हणतो, वडील डिझेलला नको म्हणतात, आणि शेजारी एखाद्या मोठ्या खर्चाची गोष्ट सांगतात. तिघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण ते कुठे आणि किती हे नीट पाहायला हवं.

ही गाडी पुण्याचीच आहे. फोक्सवॅगनचा चाकणचा कारखाना मार्च २००९ मध्ये सुरू झाला आणि २०१० मध्ये तिथली पोलो बाजारात आली. जीटी टीडीआय सप्टेंबर २०१३ मध्ये आली, १.६ लिटरच्या १०५ अश्वशक्तीच्या इंजिनासह. पुढच्याच वर्षी तिला १.५ लिटरचं इंजिन मिळालं आणि नंतर तिची ताकद ११० अश्वशक्तीपर्यंत गेली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. ते सांभाळून डिझेल बनवणं परवडणार नाही म्हणून कंपनीने भारतात डिझेलच थांबवलं. २०२२ मध्ये पोलोही बंद झाली. म्हणजे आज मिळणारी प्रत्येक जीटी टीडीआय वापरलेलीच असणार, हे धरूनच पुढचा विचार करायचा.

पोलो नको असेल तर शेजारीपाजारी आणखी दोन नावं आहेत. रांजणगावला बनलेली फियाट पुंटो, १.३ लिटर मल्टिजेट इंजिनाची. तिची ९० अश्वशक्तीची आवृत्ती जाणकारांची आवडती. आणि पुण्याच्याच टाटा कारखान्यातली अल्ट्रोज, जी जानेवारी २०२० मध्ये आली तीच बीएस-६ डिझेल इंजिन घेऊन. पुढचं बहुतेक सगळं या तिन्ही गाड्यांना लागू आहे. मी मुख्य उदाहरण पोलोचं घेतो आहे.

सुरुवात गाडीपासून करू नका, आपल्या महिन्याच्या किलोमीटरपासून करा. पुण्यात डिझेल लिटरला साधारण ९० रुपये आणि पेट्रोल १०४ रुपये धरू. महिन्याला हजार किलोमीटर, त्यात थोडं शहर आणि थोडा हायवे असेल, तर डिझेल लिटरला १७ आणि तितकीच ताकदवान पेट्रोल गाडी १३ किलोमीटर देईल असं माना. डिझेलचा खर्च ५,३०० रुपयांच्या आसपास येतो, पेट्रोलचा ८,०००च्या. वर्षाला बत्तीस हजार वाचले. पण महिन्याला चारशेच किलोमीटर होत असतील तर वाचतात तेरा हजार, आणि क्लच व फ्लायव्हील एकत्र बदलायची वेळ आली की अशा कित्येक वर्षांची बचत एका बिलात जाते.

किलोमीटर किती, याहून ते कसे होतात हे महत्त्वाचं. सकाळी मुलांना शाळेत सोडणं, मग कर्वे पुतळ्यापर्यंत भाजी, संध्याकाळी डेक्कन, असं दोन-तीन किलोमीटरचं तुकड्यातुकड्यांचं चालणं डिझेलला मानवत नाही. इंजिन तापायच्या आतच बंद होतं. रोज चाकण किंवा रांजणगावला जाणाऱ्यासाठी, किंवा दर पंधरवड्याला साताऱ्या-कोल्हापूरकडे निघणाऱ्यासाठी मात्र हीच गाडी उत्तम. ते का, हे इंजिन कसं चालतं हे कळलं की लक्षात येईल.

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पडते आणि इंधन पेटतं. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती स्वतःच भयंकर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते पेटतं. हा फवारा सोडणाऱ्या बारीक नळीला इंजेक्टर म्हणतात. तिची छिद्रं केसासारखी बारीक आणि डिझेलचा दाब प्रचंड. म्हणून इंधनातली घाण किंवा पाणी तिला सहन होत नाही.

दुसरा भाग टर्बो. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूवर एक छोटं चाक फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चाक बाहेरची हवा कोंबून इंजिनात ढकलतं. जास्त हवा म्हणजे जास्त डिझेल जाळता येतं. त्यातून टॉर्क, म्हणजे चाकं फिरवणारा पीळ, मिळतो. जीटी टीडीआयचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर आहे आणि तो मिनिटाला सुमारे १,५०० फेऱ्यांपासूनच मिळू लागतो, असं कागद सांगतो. सुमारे पावणेबाराशे किलोच्या गाडीला हा पीळ भरपूर झाला. प्रत्यक्षात १,८०० फेऱ्यांच्या खाली गाडी थोडी सुस्त वाटते, आणि त्यानंतर मागून कुणी ढकलावं तशी पुढे जाते. या थांबण्याला टर्बो लॅग म्हणतात. तो दोष नाही, या इंजिनाचा स्वभाव आहे.

तिसरा भाग सगळ्यात कमी माहीत असलेला, आणि त्रासही तोच जास्त देतो. त्याचं नाव ईजीआर. इंजिनातून निघालेल्या धुराचा थोडा भाग पुन्हा आत पाठवणारी ही झडप. त्यामुळे आतलं तापमान कमी राहतं आणि नायट्रोजनचे घातक वायू कमी होतात. पण धुरातली काजळी आणि तेलाची वाफ एकत्र आली की झडपेत आणि हवेच्या वाटेत काळा, चिकट थर बसतो. इंजिन नीट तापून लांब चाललं तर हा थर हळू साचतो. गाडी रोज नळ स्टॉपपर्यंतच जाऊन येत असेल तर भरभर साचतो.

बीएस-६ डिझेलमध्ये, म्हणजे अल्ट्रोजमध्ये, याच्या जोडीला डीपीएफ असतो. ही धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती भरली की गाडी स्वतःच तापमान वाढवून काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी काही मिनिटं सलग चालणं लागतं. पौड रोडच्या सिग्नलवर ते होत नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला तर गॅरेजचा रस्ता धरण्याआधी चांदणी चौकातून बायपासला लागा आणि पुस्तिकेत सांगितलेल्या वेगाने वीस-पंचवीस मिनिटं सलग चालवा. बहुतेक वेळा दिवा विझतो. दिवा दुर्लक्षून आठवडे काढले तर मात्र जाळीच बदलावी लागते, आणि ती स्वस्त नाही.

आता प्रत्यक्ष गाडी पाहायला जाऊ. वेळ सकाळची ठेवा आणि मालकाला आधीच सांगा की आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी ती सुरू करून ठेवली आहे, आणि थंड इंजिनात दिसणारा दोष आपल्याला दिसणार नाही. दुसऱ्या दिवशी परत या.

थंड इंजिन असेल तर किल्ली अर्धी फिरवा. डॅशबोर्डवर वेटोळ्यासारखा पिवळा दिवा दिसेल, ती ग्लो प्लगची खूण, म्हणजे इंजिन सुरू होण्याआधी आतली हवा तापवणारी कांडी. दिवा विझल्यावरच सुरू करा. डिसेंबर-जानेवारीतल्या पुण्याच्या थंड सकाळीही निरोगी गाडी एका झटक्यात सुरू होते. बरंच फिरवावं लागलं, सुरू झाल्यावर पांढरा धूर येऊन राहिला, किंवा इंजिन अडखळू लागलं, तर ग्लो प्लग किंवा इंजेक्टरकडे बोट दाखवा.

गाडी न्यूट्रलवर चालू ठेवून क्लच दाबा आणि सोडा. क्लच सोडल्यावर खडखड आणि दाबल्यावर शांत, असं असेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग किंवा दुहेरी फ्लायव्हील झिजलं असू शकतं. दुहेरी फ्लायव्हील म्हणजे इंजिनाचे धक्के गिअरपर्यंत पोहोचू न देणारं, मध्ये स्प्रिंग असलेलं जड चाक. कोथरूडमध्ये चालवलेल्या गाडीत हे तपासणं फार गरजेचं. मेट्रोच्या कामाच्या वर्षांत कर्वे रोड आणि पौड रोडवर अर्धा क्लच दाबून रांगत गेलेल्या गाड्या इथे कितीतरी आहेत.

बॉनेट उघडून टर्बोपासून इंजिनापर्यंत जाणारे रबरी पाइप शोधा. सांध्यांवरून स्वच्छ पांढरं फडकं फिरवा. किंचित तेलकट ओल चालते. तेलाची धार किंवा भेग दिसली तर पाइप लवकरच सुटणार आहे. पाइप सुटला की ताकद एकदम जाते, पाय दाबल्यावर फुस्स आवाज येतो आणि मागे काळा धूर दिसतो. अशा वेळी बरेच लोक टर्बो गेला समजून घाबरतात, आणि काही गॅरेजवाले त्या भीतीचा फायदा घेतात. आधी पाइप आणि क्लिप तपासून घ्या, टर्बो नंतर.

मग चालवून पाहा. त्यासाठी या भागात उत्तम जागा म्हणजे भुसारी कॉलनीकडून चांदणी चौकाकडे जाणारा चढ. तिसऱ्या गिअरमध्ये १,७०० फेऱ्यांवरून हळूहळू पाय दाबा. गाडी एकसारखी ओढत गेली पाहिजे. मध्येच दम तुटला आणि इंजिनाचा दिवा लागला, तर टर्बोच्या आतल्या हलत्या पाकळ्या काजळीने अडकल्या असतील किंवा ईजीआर बंद पडला असेल. फेऱ्या वाढल्या पण वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे.

टायमिंग बेल्टसाठी पावती मागा, तोंडी आश्वासन नको. इंजिनाच्या झडपा आणि पिस्टन यांचा ताळमेळ ठेवणारा हा दातेरी पट्टा. पोलोच्या १.५ आणि १.६ डिझेलमध्ये तो तुटला तर पिस्टन झडपांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. पुस्तिकेतला आकडा पाहा. मी तर ९० हजार ते एक लाखाच्या दरम्यान, वॉटर पंप आणि टेन्शनरसकट बदलावा असंच म्हणेन. गाडी कमी चालली असेल तरी रबर वयाने कडक होतं. पावती नसेल तर बेल्ट बदललेलाच नाही असं धरून किंमत ठरवा. पुंटोच्या मल्टिजेटमध्ये बेल्टऐवजी साखळी आहे. तिथे ही काळजी नाही, पण थंड इंजिन सुरू होताना साखळीचा खळखळाट येतो का ते ऐका.

वेळ काढून एकदा स्कॅनर लावून घ्या. जर्मन गाड्यांचं काम करणाऱ्या चांगल्या गॅरेजमध्ये तो असतो. त्यातून इंजेक्टरची दुरुस्ती-मात्रा (म्हणजे प्रत्येक इंजेक्टरचा फवारा किती कमी-जास्त करावा लागतो तो आकडा), जुने दोष आणि अनेकदा किलोमीटरमधली लबाडीही कळते. डिसेंबर २०१५ मध्ये, उत्सर्जन चाचणीतल्या फसवणुकीच्या प्रकरणानंतर, फोक्सवॅगन समूहाने भारतात ३,२३,७०० डिझेल गाड्या परत बोलावून सॉफ्टवेअर बदलण्याचं जाहीर केलं होतं. त्या काळातली गाडी असेल तर ते काम झालं का, हे चासी क्रमांकावरून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारता येतं.

किंमत फारच कमी असेल तर दोन शंका घ्या. पहिली पुराची. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात, आणि जुलै २०२४ मध्ये इथेच सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत कितीतरी गाड्या पाण्यात गेल्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, स्टेपनीखालचं झाकण उचला. चिखलाची रेघ तिथे राहते. दुसरी शंका दिल्लीची. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली गेली होती, म्हणून त्या स्वस्तात बाहेरच्या राज्यांत विकल्या गेल्या. अशा गाडीला महाराष्ट्रात पुन्हा कर भरावा लागतो आणि नवा क्रमांक घ्यावा लागतो. तो खर्च धरला की स्वस्ताई उरत नाही.

हाच नियम पुण्यात लागू होईल या भीतीने बरेच लोक डिझेल नाकारतात. पण महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी तपासून, शुल्क आणि पर्यावरण कर भरून ती पाच वर्षांनी वाढवता येते. २०१५ ची एमएच-१२ गाडी घेताना उरलेली वर्षं मोजा, म्हणजे किंमत ठरवताना ठाम राहता येईल.

कागदपत्रांचं थोडक्यात. फॉर्म २९ आणि ३० सह्या करून, कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ घेऊन, १४ दिवसांत नाव बदलायला टाका. थकलेली ई-चलनं आधीच्या मालकाकडून भरून घ्या. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला अतिसुरक्षित नंबरपाटी लागली आहे का पाहा. विम्याची पॉलिसी आपल्या नावावर करा, आणि एक लक्षात ठेवा: दावा न केल्याची सवलत माणसाची असते, गाडीची नाही. जुन्या मालकाची सवलत आपल्याला मिळत नाही. ती मिळाल्याचं दाखवलं, तर पुढे दावा नाकारला जाऊ शकतो.

गाडी घरी आली. आता सवयी. सकाळी सुरू केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर जोरात पाय दाबू नका, तेल पातळ होऊन टर्बोपर्यंत पोहोचू द्या. हायवेवरून आल्यावर लगेच बंद करू नका. चांदणी चौकापासून घरापर्यंत सावकाश चालवत आणलीत तर टर्बो वाटेतच निवतो. नाहीतर मिनिटभर चालू ठेवा. आणि चौथ्या गिअरमध्ये १,२०० फेऱ्यांवर गाडी ओढत नेऊ नका. डिझेल आहे, ओढेल, हे खरं; पण त्या धडधडीचा मार दुहेरी फ्लायव्हील खातं.

पंपावर रांगेत असताना खाली उतरा आणि ‘डिझेल’ हा शब्द मोठ्याने सांगा. छोटी गाडी पाहून पंपावरचा मुलगा पेट्रोलची नळी उचलतो, असं कितीदा तरी घडतं. पेट्रोल पडलंच तर किल्ली फिरवू नका. डिझेल हेच उच्च दाबाच्या पंपाचं वंगण असतं. पेट्रोलने ते निघून जातं आणि पंपातला धातूचा चुरा इंजेक्टरपर्यंत पोहोचतो. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि टाकी उपसून घ्या. इंधनातली घाण आणि पाणी आत जाऊ नये म्हणून टाकी अगदी तळाला नेऊ नये आणि डिझेल फिल्टर वेळच्या वेळी बदलावा, पावसाळ्यापूर्वी तर नक्की.

कंपनीने पोलोला सर्व्हिसचं अंतर १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष दिलं आहे. कोथरूडच्या रहदारीत मी तेल ७,५०० ते १०,००० वरच बदलेन. वाहतुकीत उभं राहून चाललेले तास किलोमीटरमध्ये दिसत नाहीत, तेलाला मात्र ते जाणवतात. तेल पुस्तिकेत दिलेल्या मानकाचंच, पूर्ण सिंथेटिक. मानक जुळत असेल तर ब्रँडचा आग्रह नको.

पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून नेण्याचा मोह टाळा. हवा घेणाऱ्या तोंडातून पाणी आत गेलं तर ते दाबलं जात नाही, आणि डिझेलचा दाब इतका की आतला दांडाच वाकतो. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला तर विमा कंपनीही हात वर करते, जोपर्यंत आपण इंजिनासाठी वेगळं संरक्षण घेतलेलं नसतं.

वय झालं की काही किरकोळ गोष्टी निघतातच. खिडकीची काच उचलणारी यंत्रणा, दाराच्या कुलुपातला छोटा स्विच, एसीची आतली कॉइल, पुढच्या सस्पेन्शनचे रबरी बुश. यातलं काहीच जिवावरचं नाही, पण मूळ सुट्या भागांचे दर मारुतीच्या दुप्पट-तिप्पट वाटतील. पोलो बंद झाल्यावर सुटे भाग मिळणार नाहीत ही भीती आजवर तरी फोल ठरली आहे. व्हेंटोसारख्या जुळ्या गाड्यांमुळे बरेच भाग मिळतात. कंपनीबाहेरचं विश्वासू गॅरेज गाडी घेण्याआधी शोधून ठेवा. गाडी घेतल्यावर घाईत शोधलेलं गॅरेज महाग पडतं.

रिमॅपबद्दल एकच. लॅपटॉप लावून ताकद तीस-चाळीस अश्वशक्तीने वाढवून देणारे पुण्यात पुष्कळ आहेत, आणि फरक पहिल्या गिअरलाच कळतो. पण वाढलेला पीळ जुन्याच क्लचवर पडतो, विमा कंपनीला कळवलं नाही तर दावा अडतो, आणि ईजीआर बंद करून दिला तर ती सरळ प्रदूषणाच्या नियमाची पायमल्ली. कारखान्यातून आलेला २५० न्यूटन-मीटर आपल्याला पुरेसा आहे. मी कुणालाही रिमॅपचा सल्ला देणार नाही.

एवढी काळजी कशासाठी? त्याचं उत्तर चांदणी चौकाच्या पलीकडे आहे. १९८२ मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीडी आणली तेव्हाच दाखवून दिलं होतं की डिझेलची छोटी गाडी मजेचीही असू शकते. ते कळतं पिरंगुट, पौड, मुळशी मागे टाकून ताम्हिणीत शिरल्यावर. वळणातून बाहेर येताना तिसरा गिअर, काटा दोन हजारांवर, पाय हलकेच दाबला की गिअर न बदलता गाडी चढ चढून जाते. पुढे एसटी असेल तर ओलांडायला लागणारा मोकळा रस्ता छोट्या पेट्रोल गाडीपेक्षा बराच कमी पुरतो; ही मजा तर आहेच, सुरक्षितताही आहे. साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या घाटात तोच अनुभव येतो. द्रुतगती मार्गावर शंभरच्या मर्यादेत इंजिन जेमतेम दोन हजारांच्या थोडं वर फिरतं, स्टिअरिंग घट्ट राहतं, आणि मुंबई-पुणे करून आल्यावर टाकीचा काटा फारसा हललेला नसतो.

उणिवा घरच्यांना आधीच सांगून ठेवा. मागच्या सीटवर गुडघ्यांना जागा कमी आहे. सत्तरीतल्या आई-वडिलांना कोल्हापूरपर्यंत मागे बसवायचं असेल तर एकदा बसवून पाहा, मग ठरवा. सस्पेन्शन कडक आहे, खड्डा जाणवतो. १६ इंची चाकं असलेल्या गाडीचे टायर बुटके असतात, खड्ड्यात त्यांची कड फाटते. रोज रांगणाऱ्या वाहतुकीत क्लचने डावा पाय दुखतो, आणि पंचेचाळीस मिनिटांचा कर्वे रोड त्यात सुखाचा होत नाही.

माझा निवाडा असा. महिन्याला हजार किलोमीटरच्या वर आणि त्यातले निम्मे तरी शहराबाहेर असतील, बेल्टची पावती हातात असेल, आणि पहिल्या वर्षाच्या कामांसाठी किमतीच्या दहा-पंधरा टक्के रक्कम बाजूला ठेवता येत असेल, तर जीटी टीडीआय बिनधास्त घ्या. फिरणं कोथरूड, डेक्कन आणि औंधपुरतं असेल तर चांगली पेट्रोल गाडी घ्या. आणि गाडी आधीच दारात उभी असेल, पण गेले तीन आठवडे ती चांदणी चौकाबाहेर गेली नसेल, तर येत्या रविवारी सकाळी लवकर मुळशीपर्यंत जाऊन या. इंजिन नीट तापेपर्यंत सावकाश, आणि नंतर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये थोडं मोकळेपणाने.